पहिले माप लाभाचे

माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात मापाडी होते. ज्वारीची, तुरीची पोती काट्यावर चढत आणि अब्बा खणखणीत आवाजात मोजत जात. पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन, चार. ही रीत काही त्यांची एकट्याची नव्हे. मराठी मुलखातल्या कितीतरी बाजारांत पहिल्या मापाला लाभच म्हणत आले आहेत. शाळेत नुकताच मोजायला शिकलेला मी एकदा त्यांना विचारले, ‘‘अब्बा, लाभ कुणाचा?’’ आमच्या घरात दखनी बोलली जाई, त्यांचे उत्तर मराठीत सांगतो. ते म्हणाले, ‘‘देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. एकट्याचाच असला तर ते माप कसले?’’

आज मला बोलायला दिलेला विषय मोठा भारदस्त आहे. माणूस कसा वागतो याचे शास्त्र आणि मेंदूचे शास्त्र, यांचा उद्योगधंद्याच्या नेतृत्वाला काय उपयोग? मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. पण विचार करताना लक्षात आले, की या विषयाचा एक मोठा धागा आमच्या जालन्यातून जातो. तो धागा बियाण्याच्या पुडीचा आहे.

‘जालना सोन्याचा पाळणा’ अशी जुनी म्हण आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळापासून हे व्यापाराचे गाव. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आली आणि इथल्या कापसाला, धान्याला दूरच्या बाजाराची वाट मिळाली. जिल्हा म्हणून जालना औरंगाबादपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी, पण पेठ त्याआधी कितीतरी जुनी. आज लोखंडी सळई आणि बियाणे या दोन गोष्टींसाठी गावाचे नाव देशभर घेतले जाते.

अशा गावात माणसाचे मन ओळखण्याची विद्या पुस्तकातून यावी लागत नाही. बैलबाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मला लहानपणी वाटे, ही चोरटी भाषा आहे. पुढे वाचनात आले, की डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक गोष्ट प्रयोगाने दाखवली. कानावर पडलेला पहिला आकडा मनात खुंटीसारखा रुततो आणि पुढचे सगळे अंदाज त्याच खुंटीभोवती फिरतात. रुमालाखालच्या बोटांचा अर्थ तेव्हा मला नव्याने कळला. चार माणसांत भाव उघड बोलला, की बाजारभर त्याची खुंटी ठोकली जाते. दलालाने कानेमन वाचला नव्हता, पण मन जाणले होते.

आता बियाण्याकडे येतो. त्यासाठी आधी थोडे लांब, अमेरिकेतील आयोवा राज्यात जाऊ. तिथले मुख्य पीक मका. १९२६ मध्ये हेन्री वॉलेस या माणसाने तिथे संकरित मक्याचे बियाणे विकणारी कंपनी काढली. हाच वॉलेस पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. संकरित बियाण्याची एक अडचण अशी, की त्या पिकातले दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले, तर पहिला जोर राहत नाही. बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. घरच्या कणगीतले बी पेरणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट पटवायची कशी?

ती कशी पटली याचा शोध ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी घेतला. त्यांनी आयोवातील दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९४३ मध्ये निष्कर्ष छापले. १९२८ ते १९४१ या काळात दोघे सोडून बाकी सर्वांनी संकरित मका स्वीकारला होता. बियाण्याची बातमी बहुतेकांना प्रथम विक्रेत्याकडून कळली होती, पण मन वळवले ते शेजाऱ्याने. पहिल्या वर्षी फार थोड्यांनी सगळे रान नव्या बियाण्याखाली घातले. एक तुकडा लावायचा, बघायचे, मग पुढच्या वर्षी थोडे वाढवायचे, अशी त्यांची चाल होती.

या अभ्यासातून पुढे एक शास्त्रच उभे राहिले. एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकाने १९६२ मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावर ग्रंथ लिहिला. आज मोबाइल विकणाऱ्यापासून लस पोचवणाऱ्यापर्यंत सगळे त्याचा आधार घेतात. हा रॉजर्स आयोवातल्याच शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना नवी यंत्रे आवडत, पण संकरित मका त्यांनी कित्येक वर्षे लावला नाही. १९३६ चा दुष्काळ पडला. त्यांचा मका वाळून गेला आणि शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला. तेव्हा कुठे त्यांचे मन वळले.

आता आयोवाहून पुन्हा जालन्याला येऊ. बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे. तरुणपणी त्यांनी हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात भाग घेतला होता. जालन्यात त्यांनी बियाण्याचे काम सुरू केले ते भेंडीपासून. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ नावाचा वाण काढला होता. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या रोगाला तो त्या काळी दाद देत नसे. बारवाले यांनी त्याचे बी वाढवले आणि विकले. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी म्हणजे ‘महिको’ स्थापन केली. सरकारचे राष्ट्रीय बियाणे महामंडळ आदल्याच वर्षी सुरू झाले होते आणि बियाण्याचा कायदा अजून यायचा होता, तो १९६६ मध्ये आला. म्हणजे पुडीतल्या बियाण्याचा भरवसा कायद्यावर नव्हता, देणाऱ्याच्या शब्दावर होता.

बारवाले यांनी वर्तनशास्त्राची पुस्तके वाचली होती, असा माझा दावा नाही. पण त्यांच्या कामाची रीत पाहिली, की रायन आणि ग्रॉस आठवतात. कंपनीने बियाणे आपल्याच रानात पिकवले नाही. आजूबाजूच्या लहान शेतकऱ्यांशी करार करून त्यांच्या शेतात पिकवून घेतले. संकर करणे हे नाजूक काम आहे. भेंडीच्या किंवा कापसाच्या कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग तिच्यावर लावायचे. हे काम ज्या शेतकऱ्याने, ज्या मजूर बाईने हंगामभर केले, तिला ‘हायब्रीड म्हणजे काय’ हे सांगायला विक्रेता लागत नाही. ती स्वतःच गावातली जाणकार होते. माझ्या समजुतीप्रमाणे या धंद्याने जालन्यात मूळ धरले त्याचे एक कारण हे आहे. गिऱ्हाईक, कारागीर आणि शेजारी अशी तिन्ही नाती एकाच माणसात आली. आजही जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकवणारी कुटुंबे त्याच वाटेने चालली आहेत.

१९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. २०१७ मध्ये ते गेले. त्यातल्या जागतिक अन्न पुरस्काराचे मुख्य कार्यालय आयोवा राज्यातील डी मॉइन शहरात आहे. ‘शेतकरी शेजाऱ्याचे ऐकतो’ हे ज्या मातीत प्रथम मोजले गेले, त्याच मातीतून जालन्याच्या माणसाचा सन्मान झाला.

पण हायब्रीडची कहाणी नुसती कौतुकाची नाही. १९६४ मध्येच ज्वारीचा ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न भरघोस, ताट बुटके, पीक लवकर हाती. पण लवकर येणारे कणीस पावसात सापडे आणि दाणे काळे पडत. ताट बुटके म्हणून कडबा कमी. १९७२ च्या दुष्काळात त्याच ज्वारीने कित्येक घरांना आधार दिला, असे अम्मी सांगत असे. तरी लोकांच्या तोंडी तिची चेष्टाच राहिली. अंगाने किरकोळ पोराला ‘हायब्रीड आहे’ म्हणायची पद्धत मराठवाड्यात अजून आहे. ज्या धान्याने पोट भरले त्याचीच शिवी झाली!

याचे उत्तरही कानेमन आणि ट्वर्स्की यांच्याकडे सापडते. १९७९ मध्ये त्यांनी मांडले, की शंभर रुपये मिळण्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये जाण्याचे दुःख मनाला बरेच जास्त लागते. शास्त्रज्ञ आणि अधिकारी मिळालेले क्विंटल मोजत होते. शेतकरी गेलेला कडबा मोजत होता आणि त्याची बायको भाकरीची गेलेली चव. दोघांचे हिशेब खरे होते, पण काटे वेगळे होते. धंद्यात पुढे असणाऱ्याने समोरच्याचा काटा कोणता हे आधी पाहावे, एवढा धडा यातून मिळतो. या कामासाठी कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ट्वर्स्की त्याआधीच, १९९६ मध्ये वारले होते.

आपल्या देशात वर्तनशास्त्र धंद्यात मुद्दाम वापरून पाहिले गेले, तेही याच सुमारास. अमेरिकेतले डेव्हिड मॅक्लेलंड हे मानसशास्त्रज्ञ म्हणत, की काही करून दाखवण्याची ओढ माणसात शिकवून वाढवता येते. १९६४ मध्ये त्यांनी आंध्रातल्या काकीनाडा शहरातील व्यापारी आणि लहान कारखानदारांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत नेऊन शिबिरे घेतली. त्यात एक खेळ असे. जमिनीत खुंटी आणि हातात दोरीच्या रिंगा. किती अंतरावरून फेकायची ते ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी खुंटीजवळ उभा राहून सगळ्या रिंगा टाकी, कोणी फार लांबून नशिबावर टाकी. खरा उद्योजक मधले अंतर निवडतो, जिथे चुकण्याची शक्यता आहे पण नेम धरला तर जमेल, असे मॅक्लेलंड यांचे म्हणणे. शिबिर केलेल्यांनी पुढच्या काळात, शेजारच्या राजमहेंद्रीतल्या शिबिर न केलेल्यांपेक्षा, नवे उद्योग जास्त काढले आणि माणसे जास्त कामाला लावली, असे १९६९ च्या त्यांच्या पुस्तकात नोंदले आहे. मात्र एक अट होती. फरक पडला तो ज्यांच्या हातात स्वतःच्या धंद्याचे निर्णय होते त्यांच्यात. ज्यांना दुसऱ्याला विचारूनच सगळे करावे लागे, त्यांना शिबिराचा फारसा उपयोग झाला नाही.

हा खेळ आमच्याही दारी आला. १९८८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले. उद्योजकता शिबिरांत रिंगांचा हा खेळ रुळून गेला. माझ्या बरोबरीच्या एका मित्राने असे शिबिर केले होते. घरी येऊन त्याने अंगणात खुंटी ठोकली आणि आम्हा सगळ्यांकडून रिंगा टाकून घेतल्या. तेव्हा माझे मामू गावाहून आले होते. भोकरदनकडे त्यांची कोरडवाहू जमीन. त्यांनी रिंग हातात घेतली आणि विचारले, ‘‘मी कुठे उभे राहायचे?’’ मित्र म्हणाला, ‘‘तुम्हीच ठरवा, मामू.’’ मामू हसले. म्हणाले, ‘‘आमचे अंतर पाऊस ठरवतो.’’ मॅक्लेलंड यांच्या त्या अटीचा अर्थ मला त्या वाक्यात समजला.

त्याच मामूंची आणखी एक गोष्ट सांगतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मामू तालुक्यातल्या एका दुकानातून वर्षानुवर्षे बियाणे नेत. पैसे थोडे रोख, बाकी कापूस निघाल्यावर. त्या वर्षी नेलेले कापसाचे बी निम्मेसुद्धा उगवले नाही. शेजारच्या रानात त्याच पावसावर दुसरे बी तरारून आले होते. मामू दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘‘तुम्ही ओल नसताना टोबले.’’ मामूंनी वाद घातला नाही. दुबार पेरणी केली आणि पुढे कित्येक वर्षे त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘बीज नहीं उग्या तो नसीब. पन वो झूट बोल्या.’’ बी उगवले नाही हे नशिबावर घालता येते, खोटे बोलला ते कशावर घालायचे?

मेंदूशास्त्रातला एक प्रयोग वाचताना मला हे वाक्य आठवते. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या काही विशिष्ट पेशींची हालचाल मोजली. डोपामीन नावाचे रसायन सोडणाऱ्या या पेशी. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला, की पेशी उसळत. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकले, की पेशी दिव्यालाच उसळत, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या पेशी नेहमीपेक्षा शांत पडत. १९९७ मध्ये शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी याचा अर्थ मांडला. मेंदूचा हा भाग सुख मोजत नाही, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतो. माकडावरून थेट माणसाच्या विश्वासावर उडी मारू नये, हे मला कळते. पण एवढे मनात येते, की दुकानाची पाटी हा मामूंचा दिवा होता. दिव्याची सवय जितकी जुनी, तितका तो दगा खोल गेला असावा. आपले नाव हा असा दिवा आहे हे ज्या धंदेवाल्याला कळते, तो जाहिरात करण्याआधी बी उगवते का ते पाहतो.

आता अलीकडच्या काळात येतो. मार्च २००२ मध्ये सरकारने महिकोच्या तीन बीटी कापूस वाणांना लागवडीची परवानगी दिली. अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीचे तंत्र त्यात होते. बोंडअळीला मारणारा गुण या कापसाच्या अंगातच असतो. काही वर्षांत देशातल्या कापसाच्या रानापैकी ९० टक्क्यांहून अधिक रान बीटीखाली गेले. आयोवात तेरा वर्षांत जे झाले, ते इथे त्याहून वेगाने झाले.

पण ‘शेजारी बघून शिकतो’ या नियमाची दुसरी बाजूही दिसली. ग्लेन डेव्हिस स्टोन या अभ्यासकाने तेलंगणातल्या वरंगळ भागात वर्षानुवर्षे शेतकऱ्यांची बियाण्याची निवड नोंदवली आणि २००७ मध्ये निबंध छापला. एका गावात एका वर्षी एकाच वाणाची लाट येई, दुसऱ्या वर्षी ती ओसरून दुसऱ्याची. विचारले तर शेतकरी सांगत, ‘सगळे घेतात म्हणून.’ बाजारात शेकडो नावे, दरवर्षी नव्या पुड्या, एकाच बियाण्याला अनेक नावे. तुकडा लावून पारखायला वेळच नाही. म्हणजे शेजारी बघत होता शेजाऱ्याकडे, आणि तो शेजारीही दुसऱ्याकडेच बघत होता. पिकाकडे कोणीच बघत नव्हते. असा गोंधळ विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. त्याला फक्त पहिली दहा घरे धरावी लागतात.

बीटीच्या पाकिटासोबत तेव्हा एक लहान पुडी येई. तिच्यात साधे, बीटी नसलेले बी असे. नियम असा, की रानाच्या २० टक्के भागात किंवा कडेने पाच ओळी, यांपैकी जे जास्त असेल तेवढे साधे बी लावायचे. साध्या कापसावर काही अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी संग करतात आणि पुढची पिढी बीटीने मरेल अशीच राहते. म्हणजे थोडे रान अळीला देऊन बाकीचे राखायचे. एकदा मामूंच्या घरी गोठ्याच्या फळीवर मी त्या लहान पुड्या तशाच पडलेल्या पाहिल्या. मामेभाऊ म्हणाला, ‘‘भाई, अळीसाठी कोण पेरतंय?’’ त्याचे गणित चुकीचे नव्हते. पेरले तर तोटा त्याचा, यंदाचा. न पेरले तर तोटा सगळ्यांचा, आणि तोही पुढे कधीतरी. माणसाचे मन यंदाच्या तोट्याला वजन देते. देशभर हेच झाले. अळी बीटीला सरावण्याची कारणे आणखीही आहेत, पण हे एक मोठे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कापसाची जी दैना केली, ती आमच्या जिल्ह्यानेही पाहिली आहे.

पुढे उपाय निघाला तो वर्तनशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असा. साधे बी वेगळ्या पुडीत न देता त्याच पाकिटात मिसळून द्यायचे. आता शेतकऱ्याला काही ठरवावे लागत नाही. पेरले की नियम आपोआप पाळला जातो. रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टाइन यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात अशा युक्तीला ‘नज’ म्हटले आहे. शेजारी बसलेला माणूस न बोलता कोपराने खुणावतो, तसे. थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले, नेमके आमच्या बोंडअळीच्या वर्षी. जी पुडी फेकली जाणार हे कोणत्याही खेडुताने पहिल्याच हंगामात सांगितले असते, ती बदलायला इतकी वर्षे का लागली? माझा अंदाज असा, की बियाण्याचा अभ्यास भरपूर झाला, पुडी फोडणाऱ्या हाताचा झाला नाही.

आता मूळ मुद्दा. हे सगळे शास्त्र हाती आले, तर त्याचे माप कोणाच्या बाजूने धरायचे? २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना बुद्धीच्या चाचण्या दिल्या. एकदा ऊस जाण्यापूर्वी, हात रिकामे असताना. एकदा ऊसाचे पैसे आल्यावर. माणसे तीच, पण पैसे येण्यापूर्वी त्यांना कमी गुण पडले. गरिबाला अक्कल कमी असते असा याचा अर्थ नाही. अर्थ उलट आहे. चिंतेने डोक्यातली जागा व्यापलेली असते, हिशेबाला जागा उरत नाही. या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले आहेत, पण ज्याने घरात जून महिना पाहिला आहे त्याला तो खोटा वाटणार नाही.

कारण आमच्याकडे बियाणे विकत घेतात ते मिरगाच्या तोंडावर. मागच्या कापसाचे पैसे संपलेले, शाळेची पुस्तके घ्यायची, बँकेचे नवेजुने करायचे, आणि ढग आलेले. वर्षातला सर्वांत मोठा निर्णय माणूस वर्षातल्या सर्वांत थकलेल्या डोक्याने घेतो. विकणाऱ्याचे डोके मात्र त्या वेळी ताजे असते. त्याच्याकडे आकडे असतात, योजना असतात, जास्त पाकिटे खपवणाऱ्या दुकानदाराला सहलीचे आमिष असते, आणि आता तर मन कसे वळवावे याचे शास्त्रही असते. या दोन डोक्यांमधले अंतर वापरून घेणे म्हणजे नेतृत्व नव्हे. ते अंतर ओळखून, समोरचा हिशेब करू शकत नाही तेव्हा त्याच्या वतीने हिशेब करणे म्हणजे नेतृत्व. पाकीट उगवले नाही तर काय, हे विकण्याआधी सांगणे. निवड सोपी करणे, नावांचे जंगल न वाढवणे. उधारीचा खरा आकडा तोंडाने बोलणे. उगवण चुकली तर ‘चुकली’ म्हणणे. यातले काहीही मेंदूचे चित्र काढल्याशिवाय करता येते.

मेंदूच्या चित्रावरून आठवले. हल्ली शहरांत हॉटेलांचे हॉल भाड्याने घेऊन उद्योजकांची शिबिरे भरतात आणि फलकावर ‘न्यूरो’ हा शब्द असतोच. २००८ मध्ये डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक गमतीचा प्रयोग छापला. लोकांना काही स्पष्टीकरणे वाचायला दिली, काही चांगली, काही भुसभुशीत. त्यातल्या काहींत मेंदूच्या अमुक भागाबद्दल एक निरुपयोगी वाक्य घुसवले. तेवढ्या वाक्याने भुसभुशीत स्पष्टीकरणेसुद्धा सामान्य वाचकांना पटू लागली. तेव्हा मेंदूचे नाव घेऊन कोणी काही विकू लागला, तर आपणही मामूंसारखे आधी एक तुकडा लावून पाहावा, हे बरे.

मामू आता नाहीत. अब्बाही नाहीत. मोंढ्यात आता इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, आकडा आपोआप उमटतो, मोठ्याने मोजायची गरज उरलेली नाही. तरी गेल्या हंगामात मी तिकडे गेलो होतो, तेव्हा एक तरुण मापाडी पोती चढवताना मोजत होता. पहिल्या पोत्याला तो ‘लाभ’ म्हणाला. पलीकडे पोत्याचा मालक, एक म्हातारा शेतकरी, काट्याच्या लाल आकड्यांकडे डोळे बारीक करून बघत होता. त्याला तो आकडा नीट दिसत नव्हता. मापाडी थांबला आणि त्याने तो आकडा शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. मग म्हणाला, ‘‘दोन.’’